घडी मोडताना

बँकेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळण्याचे काम ज्याने केले आहे, त्याच्या अंगी एक शिस्त मुरलेली असते. खातेदार आला की आपली किल्ली फिरवायची, त्याची किल्ली फिरेपर्यंत थांबायचे आणि पाठ करून बाहेर यायचे. आत काय आहे हे आपण पाहायचे नसते. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी असे किती लॉकर उघडून दिले, त्याची गणती नाही. पाहणे भाग पडते ते एकाच प्रसंगी. लॉकरधारक वारतो, वारस अर्ज करतात आणि साक्षीदारांसमोर लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी करावी लागते. पाटल्या, तोडे, चपलाहार, बुगड्या एकेक करून टेबलावर येतात. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर खिळलेले असतात. अगदी शेवटी, तळाशी दडपलेली एक पिशवी निघते. तिच्यात जुनी साडी असते. ती कोणी उलगडत नाही. मी यादीत लिहीत असे : 'जुनी रेशमी साडी, नग १.' वजनाच्या रकान्यात आडवी रेघ.

अशी रेघ मी दहा-बारा वेळा तरी मारली असेल. हात कधी अडखळला नाही. तो अडखळला २०१७ साली, माझ्याच लॉकरच्या तळातून माझ्याच आजीची पैठणी निघाली तेव्हा.

ही पैठणी १९३६ सालच्या लग्नातली. नऊवारी, गर्द जांभळी, नारळी काठाची. पदर जरीचा आणि त्यावर रेशमात विणलेले बांगडीमोर. आजीने ती आयुष्यात किती वेळा नेसली असेल? फार तर पंधरा-वीस वेळा. तिच्यामागे ती आईकडे आली. आईने ती नेसल्याचे मला दोनदाच आठवते. पण आई ती दरवर्षी बाहेर काढीत असे, हे मात्र पक्के आठवते. दसरा झाला, पाऊस ओसरला, हवेतली ओल गेली की एखाद्या कोरड्या दिवशी ट्रंक उघडायची. हात स्वच्छ धुऊन, पुसून, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून ती पैठणी माजघरातल्या दांडीवर पसरायची. दांडीवर आधी एक जुने धोतर घातलेले असायचे. अंगणात ऊन असे, पण पैठणी कधी उन्हात गेली नाही. संध्याकाळी तिची पुन्हा घडी व्हायची, पण जुन्या रेषेवर नव्हे. आई मुद्दाम चार बोटे सरकवून घडी घालायची. मग धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुनेरात ती गुंडाळायची आणि ट्रंकेच्या कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. कापडाला लागू न देता.

आम्ही मुले विचारायचो, नेसायची नाही तर काढतेस कशाला? आई म्हणायची, "वारा लागू दे तिला." आम्हाला वाटे, बायकांचे काहीतरी असते.

१९९९ साली आई गेली. ट्रंक मोडीत निघाली आणि पैठणी माझ्याकडे आली. मी बँकेतला माणूस. मौल्यवान वस्तू घरात ठेवू नये, हे मी लोकांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पैठणी आहे त्या घडीत एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या, पिशवीचे तोंड घट्ट बांधले आणि लॉकरमध्ये सारली. लॉकर अरुंद, म्हणून आणखी एक घडी घातली. वर दागिन्यांचा डबा ठेवला. घरी येऊन सौ.ला म्हणालो, "आता काळजी नाही."

काळजी नव्हतीच. पुढची अठरा वर्षे कोणी ती केली नाही.

मुलीच्या लग्नात सीमांतपूजनाला ती नेसावी, म्हणून २०१७ मध्ये पैठणी घरी आणली. पलंगावर चादर घालून मी आणि सौ.ने ती उलगडायला घेतली. पहिली घडी उघडली तेव्हा वाळके पान चुरगळावे तसा बारीक आवाज झाला. दुसऱ्या घडीला कापड रेषेवर उभे फाटले. आम्ही थांबलो. जिथे जिथे घडी होती तिथे तिथे रेशीम तुटलेले होते. जणू कोणी पट्टी ठेवून ब्लेड फिरवले होते. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या भागावरची जर काळवंडली होती. मोर मात्र होते तसेच होते, हिरवेगार. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या. हात नका लावू आता."

नंतरच्या आठवड्यात मी दोन ठिकाणी गेलो. पहिले ठिकाण जुनी जर घेणाऱ्या एका पेढीचे. पूर्वी गल्लीतून अशी माणसे ओरडत फिरत, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची तार. ती ठोकून चपटी करायची, रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा द्यायचा. कापड जाळले की चांदी उरते. पेढीवरच्या माणसाने पदर बोटांत चोळून पाहिला, अदमासाने वजन सांगितले आणि एक रक्कम बोलला. वागण्यात त्याच्या काही खोट नव्हती. पण ऐकताना मला माझी ती रकान्यातली आडवी रेघ आठवली. मी कापडाला वजन दिले नव्हते. त्याने दिले, पण ते चांदीचे. कापडाचा हिशेब आम्हा दोघांच्याही वहीत नव्हता.

दुसरे ठिकाण म्हणजे एका संग्रहालयात जुन्या वस्त्रांवर काम करणाऱ्या बाई. वयाने माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या. त्यांनी पैठणी हातात घेतली नाही. मोठ्या टेबलावर खाली एक कापड अंथरून त्यावर ती सरकवली. बराच वेळ भिंगातून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काका, ऐंशी वर्षांचं रेशीम आहे. थकलेलंच असणार. पण घड्यांवर तुटलंय, ते वयानं नाही."

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. रेशीम हे प्रथिन आहे, आपल्या केसा-नखांसारखे. प्रकाश, उष्णता, घामातले क्षार आणि आम्ल यांनी त्याचे तंतू हळूहळू ठिसूळ होतात. ठिसूळ तंतू वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडून ठेवला, वर वजन ठेवले, की तो तिथेच तुटतो. त्यात शेजारी धातूची जर. रेशीम वाकते, धातू तेवढा वाकत नाही. घडीच्या जागी तो शेजारच्या धाग्याला कापीत राहतो. चांदीला हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळेपण येते. प्लॅस्टिकची पिशवी बांधताना आत जी दमट हवा राहते ती तिथेच कोंडते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर बुरशीला आमंत्रणच, आणि मुंबई-कोकणचा पावसाळा तर त्याच्याही पुष्कळ वर. डांबराच्या गोळ्या कापडाला, विशेषतः जरीला, टेकू द्यायच्याच नसतात.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माजघरातली दांडी येत होती. ऊन नको, पण वारा हवा. घडी सरकवायची. दांडीवर धोतर घालायचे. पुरचुंडी कोपऱ्यात. शास्त्राने सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आई करीत होती. कारणे तिला सांगता आली नसती, इतकेच. मी पदवीधर, बँकेतला अधिकारी, ते सगळे बंद करून कुलूप लावून आलो. आईकडून मी पैठणी घेतली. पैठणीबरोबर येणारे काम घेतले नाही.

मी बाईंना विचारले, "पहिल्यासारखी होईल?" त्या हसल्या. हा प्रश्न त्यांना रोज येत असावा. म्हणाल्या, "पहिल्यासारखी करायला गेले, तर ती तुमच्या आजींची राहणार नाही."

हे मला तेव्हा नीट उमगले नाही. पुढे वाचन केले तेव्हा उमगले. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात एक प्रचंड निशाण आहे. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या बाईंनी ते १८१३ साली शिवून दिले. १८१४ च्या ब्रिटिश तोफमाऱ्यानंतर ते किल्ल्यावर फडकताना दिसले आणि त्यावरूनच त्या देशाचे राष्ट्रगीत लिहिले गेले. १९१४ साली हे जीर्ण निशाण टिकावे म्हणून अमेलिया फाउलर या निष्णात बाईंनी त्याला मागून तागाच्या कापडाचे अस्तर लावले. त्यासाठी घातलेले टाके सुमारे १७ लाख! त्या काळी ते उत्तमच काम होते. पण पाऊणशे वर्षांनी तेच अस्तर, तेच टाके निशाणाला जाचू लागले. १९९८ पासून पुढे काही वर्षे संवर्धकांनी काय केले असेल, तर ते १७ लाख टाके एकेक करून कापून काढले आणि मेकअपच्या कोरड्या स्पंजांनी टिपून टिपून धूळ उचलली. नवे निशाण शिवणे याहून पुष्कळ सोपे होते.

यातून या विद्येचा पहिला धडा मिळतो. आपण जे करू ते पुढच्या माणसाला उलगडता आले पाहिजे. आपली दुरुस्ती मूळ कापडापेक्षा बळकट असता कामा नये. ताण पडलाच तर दुरुस्ती तुटावी, कापड नव्हे. गोंद नको, चिकटपट्टी नको, मशीनची शिलाई तर नकोच. बाईंनी आमच्या पैठणीला तेच केले. तुटलेल्या घड्यांच्या मागे जांभळ्याच रंगात रंगवलेले अगदी झिरझिरीत रेशमी कापड धरले आणि केसासारख्या बारीक धाग्याने, मूळ धाग्याला न भोसकता दोन धाग्यांच्या मधल्या फटीतून सुई घालत, ते टाचले. चार महिने लागले. फाटलेले दिसेनासे झाले नाही, फाटणे थांबले. काळवंडलेली जर त्यांनी घासली नाही. घासली की मुलामाच जातो.

रफूची आपली परंपरा निराळी. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार शालीतले छिद्र असे भरतात, की बोट फिरवूनही जागा सापडत नाही. ती शाल पुन्हा खांद्यावर यायची असते, म्हणून ते योग्यच. नेसायचे कापड आणि जपायचे कापड यांच्या औषधांत फरक आहे. आपले कापड यांपैकी कोणते, हे आधी घराने ठरवायला हवे.

आमच्या घरात ते ठरवताना थोडी वादावादी झाली. ताई म्हणाली, आईची आठवण दोघांची आहे. पदराचा अर्धा भाग मला दे. मुलीच्या मैत्रिणीने सुचवले, धडके भाग काढून छानसे जॅकेट होईल. एका नातेवाइकाने सांगितले, काठ-पदर नव्या साडीवर चढवून देणारे आहेत. व्याही म्हणाले, मोर कापून फ्रेम करा, दिवाणखान्यात शोभेल. प्रत्येकाचे म्हणणे प्रेमाचेच होते. मला पुन्हा ते अमेरिकन निशाण आठवले. ते ४२ फूट लांब होते, आज ३४ फूट उरले आहे. उरलेले बरेचसे तोफांनी नेले नाही. ज्या घरात ते होते त्या घराने आठवण म्हणून मागणाऱ्यांना तुकडे कापून दिले. पंधरा ताऱ्यांपैकी एक ताराही असाच गेला. वाटणीत माणसे दुखावू नयेत, म्हणून आपण वस्तू दुखावतो. बँकेत मी वारसांच्या वाटण्या पुष्कळ पाहिल्या. बांगड्या दोन बहिणींत वाटता येतात; पैठणी वाटली की दोघींकडे चिंध्या येतात.

इथे एक शंका कोणी घेईल आणि ती रास्त आहे. आपण मराठी माणसे कापड जपून ठेवणारी कधी होतो? आपल्याकडे लुगडे फाटले की दंड घालून नेसायचे, मग त्याचे जुनेर व्हायचे, जुनेराची गोधडी, गोधडीतून बाळाची दुपटी, शेवटी पोतेरे. काही उरलेच, तर बोहारीण यायची आणि चहाच्या गाळणीवर सौदा व्हायचा. हे सगळे मला प्रियच आहे. सुती लुगड्याने गोधडी व्हावे यात त्याचे सार्थक आहे. तिला काचेत घालण्यात काही अर्थ नाही. पण त्याच घरात, त्याच बाईने, एक वस्त्र या फेऱ्यातून वेगळे काढले होते. पैठणीची गोधडी कोणी शिवली नाही. त्या पिढीला काय वापरून संपवायचे आणि काय पुढे द्यायचे, हे कळत होते. आपण उलटे केले. वापरायचे ते कपाटात कोंबले आणि जपायचे ते विसरलो.

आणि जपायचे कशासाठी? नव्या पैठण्या येतातच की! जरूर येतात. नोकरीच्या सुरुवातीला माझी बदली नाशिक जिल्ह्यात होती, तेव्हा विणकरांच्या कर्जप्रकरणांसाठी येवल्याला माझे जाणे-येणे असे. मागावर बसलेल्या माणसाने मला पदराची विणकर पद्धत दाखवली होती. प्रत्येक रंगाचे रेशीम निराळ्या लहान कांडीवर. नक्षी जिथे असेल तेवढ्याच जागेत तो धागा जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून परत येतो. म्हणून अस्सल पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. माझ्या आजीच्या पदराचा फोटो पुढे मी अशाच एका विणकराला दाखवला. तो फोटो बाजूला ठेवून म्हणाला, "साडीच दाखवा साहेब. फोटोत धागे मोजता येत नाहीत." हे उत्तर मला पुरले. जुने वस्त्र हे विणणाऱ्याचे पाठ्यपुस्तक आहे, आणि त्यातली कितीतरी पुस्तके आपल्या लॉकरांत, माळ्यांवर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आहेत. जी जळून चांदी झाली त्यांची तर गोष्टच संपली.

आणखी एक गोष्ट मी येवल्याला पाहिली होती, पण तिचा अर्थ मला त्या टेबलापाशी लागला. मागावर विणलेले कापड पुढच्या गोल दांड्यावर गुंडाळले जाते. पैठणीची घडी मागावर नसतेच. ती नंतर पडते. बाईंनी आम्हाला तेच करायला सांगितले. जाड पुठ्ठ्याची रुंद नळी घ्यायची. पुठ्ठ्यातले आम्ल कापडाला लागू नये म्हणून तिला धुतलेल्या पांढऱ्या मलमलीचे चांगले वेढे द्यायचे आणि पैठणी सैल हाताने तिच्यावर गुंडाळायची. वरून पुन्हा मलमल. नळी शक्य नसेल, तर घडीच्या आत सुती कापडाची वळकटी ठेवायची, म्हणजे घडीची धार बसत नाही; आणि वर्षातून एक-दोनदा घडी बदलायची. लाकडाला, लोखंडाला, छापील कागदाला कापड थेट टेकू द्यायचे नाही. हँगरला जुनी पैठणी टांगायची नाही. जरीच्या पदराचे वजन रेशमाला पेलत नाही. ठेवताना अत्तर नको, स्टार्च नको. स्टार्चला कसर लागते. आणि डाग दिसला, तरी घरी पाण्यात बुडवायची नाही. जुना रंग कधी सुटेल याचा नेम नसतो.

दिवाणखान्यातल्या फ्रेमचेही तसेच. एका संग्रहालयात माझ्या शेजारचे गृहस्थ कुरकुरत होते, "एवढी मोलाची वस्तू आणि दिवा झीरोचा!" वस्त्रांच्या दालनात साधारण ५० लक्सइतकाच मंद उजेड ठेवतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग आणि झिजलेला तंतू अंधारात ठेवून परत येत नाही. आपल्या दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगलेला मोर दहा-पंधरा वर्षांत फिका पडेल. ज्यांना पाहावेसे वाटते त्यांनी तो काढून, पाहून, परत ठेवावा. पाहण्यासाठी थोडे कष्ट पडले तर बिघडत नाही.

यात पैसे लागतात का? दुरुस्तीला लागतात आणि त्या कामाची जाण असलेली माणसे आपल्याकडे थोडी आहेत. पण दुरुस्तीची पाळीच येऊ नये यासाठी लागते ती चार मीटर मलमल, एक नळी आणि वर्षाकाठी एक दुपार. पैशाची अडचण नाही, दुपारची आहे. ती दुपार आजवर घरातल्या बाईने दिली आणि तिची नोंद कुठे झाली नाही. आता ती सगळ्या घराने द्यावी, पुरुषांनीही द्यावी, असे मला वाटते.

मुलीच्या लग्नात सीमांतपूजनाला मुलगी येवल्याची नवी पैठणी नेसली. आजीची पैठणी आज लॉकरमध्ये नाही. आतल्या खोलीत, ओल नसलेल्या भिंतीच्या कपाटात, आडवी ठेवलेली आहे. दसरा झाला की एका कोरड्या दिवशी ताई येते. हात धुऊन, अंगठ्या काढून, आम्ही ती पलंगावर उलगडतो. मोरांवरून कोणी बोट फिरवत नाही. तासाभराने पुन्हा गुंडाळतो.

जुनी सवय, म्हणून मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे : ही कोणाची, कोणत्या लग्नातली, कोणी कधी नेसली, कुठे फाटली आणि कोणाच्या चुकीने. पुढच्या पानांवर नुसत्या तारखा. मागच्या वर्षीची तारीख नातीने घातली. तिला अक्षरे नुकतीच येऊ लागली आहेत. तारखेपुढे मी वजनाचा रकाना आखलेला नाही. पण एक जागा रिकामी राहते म्हणून तिने तिथे एक मोर काढला.